मित्राच्या गाडीत झालेली दुखापत, भरपाईचा अर्ज आणि दुरावलेली मैत्री

प्रश्न असा आहे. प्रश्नकर्ते अडतीस वर्षांचे असून घरगुती वायरिंगची कामे ठेक्याने घेतात. जानेवारीच्या अखेरीस, रात्री साडेदहाच्या सुमारास, ते शाळेपासूनच्या मित्राच्या कारने कोल्हापूरहून साताऱ्याकडे येत होते आणि गाडी मित्र चालवत होता. कराडच्या पुढे रस्त्याच्या कडेला उसाने भरलेली ट्रॉली उभी होती, तिला मागे दिवा नव्हता की रिफ्लेक्टर नव्हता, आणि कार मागून तिच्यावर आदळली. मित्राला किरकोळ मार लागला. प्रश्नकर्त्यांच्या मांडीचे हाड मोडले, रॉड बसवावा लागला, पाय किंचित आखूड झाला आणि शिडीवर चढणे बंद झाले. पोलिसांनी गुन्हा मित्रावर नोंदवला आहे. मित्राने रुग्णालयात ४० हजार रुपये भरले, पुढे दरमहा ५ हजार देण्याचीही तयारी दाखवली. पण भरपाईच्या अर्जाचा विषय निघताच ‘तू माझ्यावर केस करणार का?’ एवढेच बोलून त्याने घरी येणे बंद केले. त्याच्या गाडीचे काम विम्यातून झाले आहे. अपघाताला चार महिने होत आले असून, अर्ज करावा की मैत्रीखातर सोडून द्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

अर्ज करावा आणि मुदतीत करावा, हे माझे उत्तर आहे. अर्जाची नोटीस मित्राच्या दारात पोहोचण्याआधी तुम्ही स्वतः त्याच्या दारात पोहोचावे, हाही त्याच उत्तराचा भाग आहे. मी सत्तावीस वर्षे सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मोटार अपघात दाव्यांचे काम करतो. जखमींच्या बाजूने उभा राहिलो आहे, तसाच गाडीमालकांच्या बाजूनेही. या काळात भाऊभाऊ, साडू, एकाच वर्गातले मित्र एकमेकांविरुद्ध अर्जावर आलेले मी पुष्कळ पाहिले आणि त्यांतील बऱ्याच जणांची नाती टिकलेलीही पाहिली. जी तुटली ती अर्ज केला म्हणून क्वचितच तुटली. अर्ज होणार हे एकाला पोस्टमनकडून कळले म्हणून तुटली.

तुमच्या मित्राचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने अर्धा खरा आहे, म्हणून त्याला बगल देऊन पुढे जाता येणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जो अर्ज होतो, त्यात गाडीच्या मालकाला आणि विमा कंपनीला सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करावे लागते. येथे मालक हाच चालक आहे. विम्याचा करार मालक आणि कंपनी यांच्यातला असतो. गाडीमुळे कोणाला इजा झाली आणि भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर आली, तर ती त्याच्या वतीने आम्ही भरू, असे कंपनीने त्याला लिहून दिलेले असते. तेव्हा मालकाची जबाबदारी ठरल्याखेरीज कंपनीची जबाबदारी उभीच राहत नाही, आणि मालकाला वगळून नुसत्या कंपनीकडे बोट दाखवण्याची सोय या अर्जात नाही. म्हणून नोटिशीवर ‘सामनेवाला क्रमांक १’ म्हणून मित्राचे नाव येईल, त्याखाली कंपनीचे येईल, आणि मागणीचा आकडा दोघांच्या नावापुढे एकच असेल. हे वाचून सामान्य माणूस हादरतो, आणि त्याला कमकुवत मनाचा म्हणून चालणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी अशी नोटीस एका गृहस्थांच्या घरी आली तेव्हा मुलीच्या साखरपुड्याला चार दिवस राहिले होते. रजिस्टर पाकीट पाहुण्यांसमोर फोडले गेले. त्यात पंचवीस लाखांचा आकडा होता आणि अर्जदार म्हणून ज्या मित्राबरोबर ते दरवर्षी पायी वारीला जात त्याचे नाव होते. घर विकावे लागणार अशी त्यांची समजूत झाली आणि ते आठ दिवस झोपले नाहीत. पुढे दोन वर्षांनी निवाडा झाला, सर्व रक्कम कंपनीने न्यायाधिकरणात भरली, यांना एक रुपयाही द्यावा लागला नाही. तरी त्या मित्राच्या मुलाच्या लग्नाला हे गेले नाहीत. मी त्यांचा वकील होतो, आणि मला आजही असे वाटते की नोटीस निघण्याच्या आदल्या दिवशी मित्राने दहा मिनिटे त्यांच्या ओसरीवर बसून चार वाक्ये सांगितली असती, तर हे टळले असते.

तुमच्या बाबतीत त्या चार वाक्यांसाठी आधार हाती आहे. मित्राच्या गाडीचे काम विम्यातून झाले. म्हणजे अपघातानंतर त्याने स्वतः कंपनीकडे अर्ज केला, सर्व्हेअर आला, गॅरेजचे बिल मंजूर झाले, आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटले नाही. त्याने भरलेल्या हप्त्याचा एक भाग गाडीच्या पत्र्यासाठी होता आणि दुसरा भाग गाडीमुळे माणसांना होणाऱ्या इजेसाठी. पहिल्या भागाचा उपयोग त्याने हक्काने केला. तुम्ही मागत आहात तो दुसऱ्या भागाचा उपयोग आहे. ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाईल अशी भीती कोणी घालत असेल, तर तो बोनस गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्याशी जोडलेला असतो आणि गाडीच्या दुरुस्तीचा दावा झाला तेव्हाच त्याचा प्रश्न निकालात निघाला. थर्ड पार्टीचा, म्हणजे इतरांना होणाऱ्या इजेसाठीचा, हप्ता तर कंपनी माणूस पाहून ठरवत नाही, तो शासन ठरवून देते. जून २०२२ पासून १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला तो वर्षाला ३,४१६ रुपये ठरवला गेला. इजा आणि मृत्यू यांबाबत या विम्याला रकमेची कमाल मर्यादा नाही.

आता सर्वांत महत्त्वाची तपासणी, जी अर्जाच्या आधी झालीच पाहिजे. खासगी कारमध्ये बसलेल्या मित्राला विम्याचे संरक्षण आहे की नाही, हे पॉलिसीच्या प्रकारावर अवलंबून असते, आणि याची कल्पना गाडीमालकांना तर नसतेच, पण काही वकिलांनाही नसते. कायद्याने सक्तीचा असलेला नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर मालकाच्या गाडीत फुकट बसलेला प्रवासी त्यात येत नाही. २००६ साली तिलक सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दुचाकीवर मागे बसलेल्यांच्या बाबतीत हेच सांगितले. याउलट पॉलिसी पॅकेज म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह, गाडीचे नुकसान आणि थर्ड पार्टी दोन्ही एकत्र असलेली, असेल, तर गाडीत बसलेली माणसे तिच्यात येतात. विमा नियामक प्राधिकरणाने १६ नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकाने कंपन्यांना हे स्पष्ट बजावले आणि २०१२ सालच्या बालकृष्णन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक विचारात घेऊन हाच फरक अधोरेखित केला. तुमच्या मित्राच्या गाडीचे काम विम्यातून झाले, त्यावरून पॉलिसी नुसती थर्ड पार्टी नाही एवढे दिसते, आणि ते तुम्हा दोघांच्याही दृष्टीने शुभ आहे.

तरीही पॉलिसीचा कागद डोळ्यांनी पाहावा. सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो आणि गाडीच्या नुकसानीचा विमा पुष्कळ जण दरवर्षी वेगळा, कधीकधी दुसऱ्याच कंपनीकडून घेतात. अशा दोन तुकड्यांच्या विम्यात ‘आमची पॉलिसी केवळ थर्ड पार्टी आहे’ असे एक कंपनी म्हणते आणि ‘आमची केवळ गाडीपुरती आहे’ असे दुसरी म्हणते, आणि मधल्या फटीत जखमी प्रवासी सापडतो. तसे असल्यास दोन्ही कंपन्यांना सामनेवाले करून मूळ प्रस्तावाचे कागदही मागवावे लागतील. पॉलिसीत ‘अनामित प्रवासी’ म्हणून वैयक्तिक अपघाताचा जादा हप्ता भरला आहे का, हेही पाहावे. खासगी कारला ती रक्कम माणशी २ लाखांपर्यंत घेता येते आणि ती मिळण्यासाठी कोणाची चूक होती हे पाहावे लागत नाही.

मित्राची भीती पूर्णपणे खरी ठरते अशी परिस्थितीही असते आणि ती लपवणे योग्य नाही. विम्याचे संरक्षण मुळातच नसेल तर निवाड्याची रक्कम मालकाच्या अंगावर येते, आणि कलम १७४ प्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. म्हणजे गोष्ट थेट त्याच्या सातबाऱ्यापर्यंत जाते. वाहन परवान्याची मुदत संपली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निर्णयानुसार बहुधा कंपनीने जखमीला आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होतो. त्यात तुमचे काम होते, पण मित्राच्या मागे कंपनी लागते. म्हणून पॉलिसीबरोबर त्याचा परवानाही अपघाताच्या तारखेला वैध होता ना, हे त्यालाच शांतपणे विचारावे. दोन्ही कागद ठीक असतील, तर त्याच्या खिशाला धक्का लागण्याचे कारण मला दिसत नाही.

या प्रकरणातली आणखी एक गोष्ट तुम्हा दोघांच्याही ध्यानात आलेली दिसत नाही, ती म्हणजे उसाची ट्रॉली. गाळप हंगामात आपल्या रस्त्यांवर अंधारात उभ्या असलेल्या अशा ट्रॉल्यांनी किती घरे उघड्यावर आणली, हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. धोका होईल अशा रीतीने सार्वजनिक रस्त्यावर वाहन उभे करून ठेवणे हा अधिनियमाच्या कलम १२२ चा भंग आहे. पोलिसांनी गुन्हा केवळ मित्रावर नोंदवला असला, तरी न्यायाधिकरण त्या नोंदीला बांधलेले नसते. ते पुराव्याच्या एकंदर झुकत्या मापावर निर्णय देते. तेव्हा ट्रॅक्टरचा मालक, त्याचा चालक आणि त्याची विमा कंपनी यांनाही सामनेवाले केले पाहिजे, आणि ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचाही विमा होता का हे पाहिले पाहिजे.

याचा तुम्हाला लाभ असा की गाडीत नुसत्या बसलेल्या माणसाची अपघातात चूक नसते. दोन वाहनांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली, तर तो पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकतो, हे २०१५ च्या खेन्येई निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. त्या दोघांनी आपापला वाटा नंतर आपसात ठरवून घ्यावा. मित्राला याचा लाभ असा की आज तो एकटा दोषी म्हणून वावरत आहे, आणि ट्रॉलीची बाजू न्यायाधिकरणापुढे पुराव्यानिशी मांडली जाणे हे त्याच्याही हिताचे आहे. गेल्या चार महिन्यांत तुम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलात आणि ज्याने ट्रॉली अंधारात सोडली त्याच्याकडे कोणी पाहिले नाही, याचे मला वाईट वाटते. घटनास्थळाचा पंचनामा, त्या रात्री कोणी मोबाइलवर काढलेली छायाचित्रे, मदतीला धावलेल्या ढाबेवाल्याचे किंवा गावकऱ्याचे नाव हे सर्व आताच गोळा करावे. हंगाम संपला की ट्रॉल्याही पांगतात आणि साक्षीदारही.

दरमहा ५ हजारांच्या प्रस्तावाबद्दल लिहितो, कारण तो मित्राने चांगल्या मनाने दिला आहे आणि तुम्हाला तो नाकारणे जड जात आहे. हिशेब कसा होतो ते पाहा. तुमचे मासिक उत्पन्न २५ हजार सिद्ध झाले असे धरू आणि कामाच्या दृष्टीने अपंगत्व ३० टक्के धरू. वर्षाचे उत्पन्न ३ लाख. स्वतःचा व्यवसाय आणि वय ४० च्या आत, म्हणून २०१७ च्या प्रणय सेठी निर्णयाप्रमाणे भावी वाढीचे ४० टक्के मिळवले की ४ लाख २० हजार. त्याचे ३० टक्के म्हणजे १ लाख २६ हजार. २००९ च्या सरला वर्मा निर्णयातील तक्त्यात ३६ ते ४० वयाला गुणक, म्हणजे वर्षाचे नुकसान ज्याने गुणायचे तो आकडा, १५ आहे, त्याने गुणले की १८ लाख ९० हजार होतात. यात रुग्णालयाचा खर्च, कामाविना गेलेले महिने, रॉड काढण्याची पुढची शस्त्रक्रिया, वेदना यांचे काहीही आलेले नाही. दरमहा ५ हजारांनी एवढीच रक्कम पुरी व्हायला साडेएकतीस वर्षे लागतील. तोपर्यंत मित्र दर महिन्याला हप्ता देणारा आणि तुम्ही दर महिन्याला वाट पाहणारे, हे नाते मैत्रीचे राहणार नाही. मुलाची फी भरण्याच्या महिन्यात तो हप्ता चुकवील, तुम्ही काही बोलणार नाही, आणि ते न बोललेले साचत जाईल.

अपंगत्वाचा आकडा मी मुद्दाम ‘कामाच्या दृष्टीने’ म्हटला आहे. डॉक्टरांचा दाखला पायाचे किंवा शरीराचे टक्के सांगतो. न्यायाधिकरणाने मात्र त्या माणसाची कमावण्याची शक्ती किती गेली ते पाहायचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निर्णयात सविस्तर समजावले आहे. डावा हात गेलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळजवळ सर्व कमाई बुडू शकते, तर तसाच हात गेलेला कारकून नोकरीत राहू शकतो, हे उदाहरण त्या निर्णयातच आहे. वायरमनच्या बाबतीत शिडी चढता न येणे म्हणजे काय, हे तुम्हाला पुराव्याने दाखवावे लागेल: पूर्वीच्या कामांची बिले, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रे, शॉप ॲक्टचा दाखला, आणि ज्यांची कामे अर्धवट सोडावी लागली अशा एखाद्या ग्राहकाची साक्ष. तुमचा मेडिक्लेम असून त्यातून बिले भागली असली तरी ती रक्कम भरपाईतून वजा होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ साली ठरवले आहे. त्यामुळे ती बिलेही जपून ठेवावीत.

मुदतीबद्दल तुम्हाला कोणी चुकीचे सांगितले असण्याची शक्यता मोठी आहे. नोव्हेंबर १९९४ पासून मार्च २०२२ पर्यंत या अर्जाला कालमर्यादा नव्हती, म्हणून गावातली जाणती माणसे आजही ‘आधी बरा हो, केस काय केव्हाही टाकता येते’ असे सांगतात. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ मध्ये अपघातापासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या आशेवर बसू नये. तुमची मुदत जुलैच्या अखेरीस संपते. पोलिसांचा सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे गेला तर तोही अर्ज मानता येतो, हे खरे. तरी त्या भरवशावर न राहता स्वतःचा अर्ज दाखल करावा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तो करता येतो, त्यासाठी अपघाताच्या ठिकाणी जाण्याची गरज नाही. व्याजही अर्जाच्या तारखेपासूनच मिळू शकते.

आता जे सांगतो ते मैत्रीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक आहे. जवळच्या माणसांच्या प्रकरणात एकमेकांना वाचवण्यासाठी खोटे बोलण्याचा मोह होतो. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात गाडी चालवणाऱ्याचा परवाना संपला होता, म्हणून दोघांनी मिळून ‘गाडी चुलत भाऊ चालवत होता’ असे जबाबात लिहून दिले. रुग्णालयाच्या पहिल्या केसपेपरवर मात्र भरती करताना जखमीनेच खऱ्या चालकाचे नाव सांगितलेले होते. कंपनीच्या वकिलांनी तो कागद उलटतपासणीत पुढे ठेवला आणि अर्ज फेटाळला गेला. खरे सांगितले असते तर वसुलीचा प्रश्न पुढे आला असता, पण जखमीच्या हाती पैसे पडले असते. ज्याला वाचवायचे होते तोही वाचला नाही, कारण खोट्या जबाबाचा ठपका दोघांवरही आला.

तुमच्या प्रकरणात खोटे बोलण्याचे कारणच नाही, तरी उलट्या बाजूचा मोहही टाळावा. मित्राने तुमच्यावर उपकार म्हणून ‘सगळी चूक माझीच’ असे लिहून देऊ नये, आणि तुम्ही त्याच्यावर उपकार म्हणून ‘त्याची काहीच चूक नव्हती’ असे सांगू नये. अर्जदार आणि मालक यांचे संगनमत दिसले तर कलम १७० खाली कंपनीला मालकाचे सर्व बचाव स्वतः घेऊन लढण्याची परवानगी मिळते, आणि मित्रमित्रांच्या प्रकरणात कंपनीची पहिली शंका तीच असते. वेग किती होता, समोरून दिवे येत होते का, ट्रॉली किती अंतरावर दिसली, हे दोघांनी जसे घडले तसे सांगावे. पॉलिसीची एक अट अशीही असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय मालकाने चूक कबूल करू नये, भरपाईचे वचन देऊ नये, रक्कम देऊ नये. यासाठीच दरमहा ५ हजारांचा लेखी करार मित्राला स्वतःलाच अडचणीत आणू शकतो, आणि ‘मला काही भरपाई नको’ असा स्टॅम्पपेपर तुमच्याकडून कोणी मागितला तर त्यावर सही करू नये.

त्याने रुग्णालयात भरलेल्या ४० हजारांची गोष्ट वेगळी आहे. ती त्या रात्रीची मित्राची मदत होती. ते पैसे आज कोणाच्या तरी हाती परत पाठवू नयेत. तसे केले तर त्याला अर्जापेक्षा ते अधिक लागेल. साक्षीत विचारले गेले तर कोणी भरले ते खरे सांगावे, आणि निवाड्यात उपचारखर्च मिळाला की ती रक्कम त्याच्या हातात स्वतः नेऊन द्यावी. हे तुमचे ठरले आहे, एवढे त्याला आज सांगायला हरकत नाही.

फौजदारी प्रकरणाचे ओझेही त्याच्या मनावर असणार. निष्काळजीपणे वाहन चालवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ आणि गंभीर दुखापतीबद्दल कलम १२५ लागले असेल. तुमच्या भरपाईच्या अर्जाने त्यातली शिक्षा वाढत नाही, आणि अर्ज न केल्याने तो खटला थांबतही नाही. तो सरकारने चालवायचा असतो. दुखापतीच्या कलमात जखमीच्या बाजूने तडजोड होऊ शकते, कलम २८१ मध्ये तशी तरतूद नाही. तिथे तुम्ही त्याला एवढीच मदत करू शकता की साक्षीत त्याच्याविषयी राग धरून काही वाढवून सांगू नये आणि ट्रॉलीची गोष्ट विसरू नये. ती मदत लहान नाही.

म्हणून याच आठवड्यात त्याच्याकडे जा. फोन करू नका, निरोप पाठवू नका, आणि गावातल्या चार वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन जाऊ नका, कारण तशा बैठकीला पंचायतीचे रूप येते आणि माणूस बचावाला उभा राहतो. त्याची पत्नी घरात असताना जा. नोटीस तिच्याही घरात येणार आहे आणि तिची भीती त्याच्या भीतीपेक्षा मोठी असते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे ऐकतच आपण वाढलो आहोत, तेव्हा त्याला कोर्ट म्हटले की अब्रूच आठवणार. तुम्ही सरळ सांगावे: ‘मी तुझ्या खिशातून काही मागायला आलो नाही. तू गाडीचा विमा काढलास, गाडी दुरुस्त करून घेतलीस. माझ्या पायाचं कामही त्याच कागदावर आहे. तुझं नाव घातल्याशिवाय अर्ज होत नाही. महिन्याभरात नोटीस येईल, त्यात मोठा आकडा असेल, वहिनींनी घाबरून जाऊ नये. पॉलिसी काढ, आपण दोघं मिळून वाचू.’ एवढे बोलून झाल्यावर त्याचे ऐकून घ्यावे. तो रागावला तर रागावू द्यावे. त्या रात्री स्टिअरिंग त्याच्या हातात होते आणि मोडला तुमचा पाय, ही गोष्ट तो चार महिने एकटा वागवत असेल. पैशाच्या बोलण्यामागे तो अपराधी भाव बहुतेक वेळा असतोच, हे मी गाडीमालकांच्या बाजूने बसून अनेकदा ऐकले आहे. अपघातानंतर त्याला कसे वाटले, हे त्याला कोणी विचारले आहे का, तेही आठवून पाहा.

पॉलिसी वाचून झाल्यावर तो दोन गोष्टी करू शकतो. तुम्ही जखमी झाल्याची लेखी माहिती त्याने कंपनीला दिली नसेल तर ती आता द्यावी, आणि नोटीस आल्यावर गैरहजर राहू नये. मनाला लागले म्हणून तारखेला न जाणारे मालक मी पाहिले आहेत. प्रकरण त्यांच्याविरुद्ध एकतर्फी चालते आणि परवाना, पॉलिसी, ट्रॉली यांबद्दल जे सांगण्यासारखे असते ते सांगायचे राहून जाते. कंपनीचे वकील पुष्कळदा मालकाचीही कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, देतात, पण परवान्यासारखा मुद्दा असेल तर कंपनीचे आणि मालकाचे हित वेगळे होते, तेव्हा त्याने स्वतःचा वकील करावा. तुमचा वकील त्याला चालणार नाही, तो कितीही ओळखीचा असला तरी. पुढे प्रकरण लोकअदालतीत ठेवण्याची विनंती दोन्ही बाजूंनी करता येईल. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून रॉड काढण्याच्या शस्त्रक्रियेचा आणि कायम अपंगत्वाचा दाखला हाती येण्याआधी तिथे आकड्याला होकार देऊ नये.

कंपनीचा तपासनीस तुमच्याकडे आणि त्याच्याकडे वेगवेगळा येईल, कदाचित न कळवता. पेट्रोल आणि टोलचे पैसे कोणी दिले, असे तो विचारील, कारण भाड्याने प्रवासी नेला असे दाखवता आले तर कंपनीला पॉलिसीच्या अटीत शिरता येते. दोन मित्रांनी पेट्रोल वाटून घेतले म्हणजे भाडे घेतले असे होत नाही. जे झाले ते तसेच सांगावे. जबाब तो स्वतःच्या शब्दांत लिहून घेतो आणि सही मागतो. तो पूर्ण वाचून, न पटणारे वाक्य खोडायला लावून, आणि त्याची प्रत किंवा मोबाइलवर छायाचित्र घेऊन मगच सही करावी, हे मित्रालाही त्याच भेटीत सांगून ठेवा.